विमान रद्द, पैसे ‘वॉलेट’मध्ये: दाद सोलापुरातूनच मागा

प्रश्न: आम्ही जुळे सोलापूरला राहतो. नाताळच्या सुट्टीत आई, पत्नी, दोन मुलं आणि मी पुण्याहून विमानाने दिल्ली आणि पुढे रेल्वेने अमृतसरला जाणार होतो. तिकिटं इथल्याच एजंटकडून काढली होती. दुपारी २.४० चं विमान, म्हणून पहाटे गाडी करून निघालो. लोहगावला पोहोचल्यावर कळलं, विमान रद्द! कंपनीचा मेसेज आदल्या रात्री १०.५० ला एजंटच्या मोबाइलवर आला होता. त्याने तो आम्ही निघाल्यानंतर पाहिला. काउंटरवर ‘ऑपरेशनल कारण’ सांगितलं, नंतरच्या ईमेलमध्ये ‘खराब हवामान’. पुढची जागा तीन दिवसांनंतरची मिळत होती, म्हणून परत आलो. आता एजंट म्हणतो, पैसे कंपनीच्या वॉलेटमध्ये जमा झालेत, वर्षभरात वापरा. हॉटेल आणि गाडीभाडं बुडालं ते वेगळंच. दावा दिल्लीत लावावा लागेल का?

उत्तर: नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तिकिटाच्या अटींत ‘वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात’ असं बारीक अक्षरात असलं, तरी कायद्याने दिलेला हा हक्क त्याने जात नाही.

पण आधी तिकिटाचे पैसे. वॉलेटमधल्या रकमेला हात लावू नका. त्यातून एक तिकीट जरी काढलंत, तरी ‘प्रवाशाने वॉलेट मान्य केलं’ असं म्हणायला कंपनी मोकळी होते. विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम स्पष्ट आहे: परतावा वॉलेटमध्ये घ्यायचा की खात्यात, हे प्रवासी ठरवतो. तिकीट एजंटकडून काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी. आजच ईमेल करा, ‘वॉलेट मला मान्य नाही, पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी.’ एजंटलाही त्याची प्रत पाठवा. ‘आता काही मागणी उरली नाही’ अशा मजकुरावर मात्र सही करू नका.

परताव्याशिवाय भरपाई वेगळी मिळते. उड्डाणाला २४ तासही उरले नसताना रद्द केल्याचं कळवलं, तर दोन तासांपेक्षा जास्त प्रवासाच्या विमानासाठी प्रत्येक प्रवाशाला १०,००० रुपये, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतली कमी असेल ती रक्कम द्यावी लागते. पुणे–दिल्ली प्रवास याच गटात येतो. तुमच्या तिकिटावर मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून समजा ५,२०० रुपये असतील, तर पाच जणांचे २६,००० झाले.

कंपनी इथे दोन आडकाठ्या घालेल.

पहिली, संपर्क क्रमांकाची. प्रवाशाने बुकिंगच्या वेळी पुरेसा संपर्क तपशील दिला नसेल तर भरपाई नाही, असं नियमातच आहे, आणि तुमच्या तिकिटावर नंबर एजंटचा आहे. पण मेसेजची वेळ बघा. रात्री १०.५० ते दुपारी २.४०, जेमतेम सोळा तास. तो थेट तुमच्या मोबाइलवर आला असता तरी २४ तासांची अट मोडलेलीच होती. शिवाय एजंटने विचारूनही तुमचा नंबर घातला नसेल तर ती त्याच्या सेवेतली त्रुटी, म्हणून तक्रारीत कंपनीबरोबर त्यालाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. ओळखीचा माणूस आहे, वाईट वाटेल, हे मी समजू शकतो. तरीही त्याच्या मोबाइलवरच्या त्या मेसेजचा वेळेसह स्क्रीनशॉट आजच मागून घ्या. उद्या फोन बदलला की तो पुरावा गेला.

दुसरी आडकाठी हवामानाची, आणि खरी लढाई इथेच आहे. हवामान खरोखर आड आलं असेल तर भरपाई मिळत नाही, हे तुम्हाला आधीच सांगितलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिल्लीतल्या धुक्याच्याच एका प्रकरणात म्हटलं होतं की हवामानामुळे झालेला उशीर ही सेवेतली त्रुटी नव्हे. मात्र अडकलेल्या प्रवाशांच्या खाण्यापिण्याची किमान सोय करणं हे कंपनीचं कर्तव्य राहतंच. पण तुमच्या बाबतीत हे कारण पटत नाही. दिल्लीचं धुकं मुख्यतः रात्री आणि सकाळी दाटतं. तुमचं विमान तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास उतरणार होतं. ते आदल्या रात्रीच कशाच्या आधारावर रद्द केलं, हे कंपनीने दाखवलं पाहिजे. त्याच दुपारी पुण्याहून दिल्लीला दुसऱ्या कंपन्यांची विमानं गेली असतील तर त्यांच्या नोंदी इंटरनेटवरून उतरवून ठेवा. आणि काउंटरवर एक, ईमेलमध्ये दुसरं, ही कारणांची फिरवाफिरवी तक्रारीत ठळक लिहा. वैमानिक कमी पडले असतील तर ते कंपनीचं नियोजन. त्याला हवामानाची ढाल चालणार नाही.

हॉटेल, गाडीभाडं आणि रेल्वेचं तिकीट डीजीसीएच्या रकमेत बसत नाही. ते आयोगापुढे मागायचं, प्रत्येक रुपयाच्या पावतीसह. इथे तुमचा फास्टॅग उपयोगी पडेल. गाडी भाड्याची असेल तर मालकाकडून त्या दिवसाचा तपशील घ्या. सावळेश्वर, वरवडे, पाटस या टोलनाक्यांवरच्या वेळा सांगतात की तुम्ही खरोखर निघाला होता आणि रद्द झाल्याचं तुम्हाला ठाऊक नव्हतं. मानसिक त्रासाची रक्कम माफक मागा. आईचं वय आणि विमानतळावर चहापाणी मिळालं की नाही, ते जसं घडलं तसं लिहा. लाखांचे आकडे टाकून खरी तक्रार पातळ होते.

कंपनीच्या नोडल, म्हणजे तक्रारी हाताळणाऱ्या, अधिकाऱ्याला लेखी तक्रार, ‘एअरसेवा’ या सरकारी विमान-तक्रार संकेतस्थळावर नोंद, मग पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, असं जा. तेवढ्यात बहुतेकदा परतावा तरी सुटतो. नाही सुटला तर आयोगात. तिकिटांसाठी दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, पण नोटीस या आठवड्यातच पाठवा.