परका माणूस लष्करी वर्दी घालून फौजेत बेमालूम मिसळू शकतो का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या कादंबरीतला नायक साधा नागरिक आहे, तो कुठून तरी वर्दी मिळवतो आणि पलटणीच्या मुक्कामात एक रात्र लपून काढतो, तर हे वाचकाला पटेल का. रस्त्यावर पटेल. छावणीच्या बाजारात, रेल्वे स्टेशनवरही पटेल. पलटणीच्या आत मात्र फौजेशी जराही संबंध आलेल्या वाचकाला पटणार नाही.

मी इंदूरला राहतो, पण लहानपण महूचं. 1818 च्या मंदसौर तहानंतर होळकरांच्या मुलखात इंग्रजांनी वसवलेली ही छावणी. माझ्या काकांचं तिथल्या बाजारात फौजी कपडे शिवायचं दुकान होतं आणि शाळा सुटली की मी तिथेच असायचो. इन्फंट्री स्कूल, वॉर कॉलेज, दूरसंचाराचं लष्करी कॉलेज, सगळं तिथे असल्यामुळे देशभरातल्या रेजिमेंटांची माणसं कोर्सला येतात, काही आठवडे-महिने राहतात आणि परत जातात. बाजारात समोरासमोर आलेले दोन फौजी एकमेकांना अजिबात ओळखत नसणं हे महूत रोजचंच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

आधी कपड्यांचं सांगतो, कारण लेखक सगळ्यात जास्त तिथेच घसरतात. नवी बेरे टोपी डोक्यावर ताटलीसारखी बसते. फौजी माणूस ती पाण्यात भिजवून, डोक्यावर दाबून, वाळवून तिला वळण देतो. कापड उजव्या कानाकडे उतरतं आणि बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर येतो. छातीवरच्या रिबनींचा क्रम ठरलेला असतो. भूदलाच्या सलामीत तळहात समोरच्याला पूर्ण दिसतो, नौदलाच्या सलामीत तो खाली वळलेला असतो. आणि हुद्द्याचं वयाशी गणित असतं: लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे, कॅप्टनच्या तीन, मेजरच्या खांद्यावर अशोकचिन्ह, आणि मेजर व्हायला कमिशननंतर साधारण सहा वर्षं लागतात. एकदा जेमतेम विशीतला एक मुलगा मेजरची वर्दी शिवायची म्हणून दुकानात आला होता. काकांनी माप घ्यायच्या आधी ओळखपत्र मागितलं. ‘उद्या घेऊन येतो’ म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही. 15 जानेवारी 2022 ला सेनादिनाच्या संचलनात नवी लढाऊ वर्दी लोकांसमोर आली. तिचा शर्ट पँटमध्ये खोचत नाहीत, आणि तिच्या डिझाइनचे हक्क लष्कराने स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलेत. तुमची गोष्ट 2022 नंतरची असेल तर नायकाने बाजारातून हवी ती वर्दी सहज विकत घेतली असं लिहू नका.

पण समजा, कपडे अगदी बिनचूक जमले. तरी खरी अडचण माणसांची आहे. एका सेक्शनमध्ये दहाएक जवान. ते एकत्र झोपतात, एकत्र धावतात, लंगरमध्ये एकत्र जेवतात. अंधारात नुसत्या खोकण्यावरून कोण ते सांगतील. त्यात सकाळ-संध्याकाळ गणती. कंपनी हवालदार मेजरच्या हातात नफरीचा हिशेब असतो: इतके हजर, इतके रजेवर, इतके ड्यूटीवर, इतके इस्पितळात. गणती कमी पडलेल्या माणसासाठी असते असं आपल्याला वाटतं, पण एक माणूस जास्त भरला तरी हिशेब चुकतो आणि पुन्हा मोजायला सुरुवात होते. झोपायची जागा कोणाची तरी असते, कोतमधल्या, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीतल्या, प्रत्येक रायफलचा नंबर कोणाच्या तरी नावावर असतो. तुमच्या नायकासाठी तिथे रिकामी जागाच नाही.

इतिहासात वेश जिथे चालला, तिथे माणसं एकमेकांना अनोळखी होती. एप्रिल 1663 मधला लाल महालावरचा छापा घ्या. पहारेकऱ्यांनी हटकलं तेव्हा शिवाजी महाराजांच्या माणसांनी आपण बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई आहोत, चौकीवर चाललोय, असं सांगितल्याची हकीकत आहे. शाएस्तेखानाच्या छावणीत मराठे शिपाई खरोखरच होते, वेगवेगळ्या सरदारांची पथकं होती, आजच्यासारखी एकसारखी वर्दी नव्हती. कोणता शिपाई कोणाचा, हे एका पहारेकऱ्याला कसं कळणार? महाराजांनी ही फट हेरली. शिवाय वाडा त्यांच्या लहानपणीचा, आतल्या वाटा ठाऊक. सोंग फक्त आत शिरेपर्यंत टिकायला हवं होतं आणि तेवढंच टिकलं.

जर्मनीत 16 ऑक्टोबर 1906 ला विल्हेल्म फोइग्ट नावाच्या, आयुष्यातली बरीच वर्षं तुरुंगात काढलेल्या मोच्याने जुन्या बाजारातून जमवलेली कॅप्टनची वर्दी चढवली, रस्त्यावरचे शिपाई आपल्या हुकमाखाली घेतले, कोपेनिकच्या महापौराला अटक केली आणि तिजोरीतले पैसे घेऊन गेला. ते शिपाई त्याला पहिल्यांदाच पाहत होते आणि कॅप्टनला उलट प्रश्न विचारायची त्यांना सवय नव्हती. त्याच शिपायांबरोबर बराकीत जेवायला बसायची वेळ आली असती तर? काही दिवसांतच तो पकडला गेला.

उलट उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं, डिसेंबर 1944 चं. स्कोर्झेनी या जर्मन कमांडो अधिकाऱ्याच्या हाताखालचे काही जण अमेरिकी वर्दीत, अमेरिकी जीपमधून शत्रूच्या फळीमागे घुसले. एका जीपमधल्या तिघांना परवलीचा शब्द सांगता आला नाही आणि 23 डिसेंबरला त्यांना गोळ्या घातल्या. मग अमेरिकी पहारेकरी ज्याला त्याला आपल्या देशातल्या गोष्टी विचारू लागले. खुद्द जनरल ब्रॅडलीला इलिनॉयची राजधानी विचारली. त्यांनी स्प्रिंगफील्ड असं बरोबर सांगितलं, तर पहारेकऱ्याच्या मते ती शिकागो होती!

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. खोटी वर्दी आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवते ती खेड्यातल्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना. पहाटे उठून धावणारी ही मुलं, त्यांच्यासमोर इस्त्रीच्या वर्दीतला ‘साहेब’ येतो, काम करून देतो म्हणतो आणि बापाने जमीन गहाण टाकून आणलेले पैसे घेऊन जातो. मधल्या माणसाला पैसे देऊन भरती होत नाही. फौजी असल्याचं भासवण्यासाठी तसा पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मला ही शिक्षा फार कमी वाटते. तुमच्या नायकाला वर्दीचा मोह का पडला हे लिहाल तेव्हा या मुलांचाही विचार करा, एवढीच विनंती.

आता कथानकाचं. नायकाला पलटणीत नेऊ नका, रजेवरून परतणाऱ्या फौजींनी भरलेल्या रेल्वेच्या डब्यात बसवा. तिथे दहा युनिटांचे दहा जण असतात, कोणी कोणाचा हिशेब ठेवत नाही. पण फौजी गप्प बसत नाहीत. समोरचा हवालदार पुरीभाजी पुढे करत अगदी मायेने विचारेल, ‘कौनसी पलटन? गाँव कहाँ?’ आणि उत्तर मिळालं की लगेच, ‘अरे, वहाँ तो हमारे फलाने साहब हैं, कैसे हैं?’ तुमचं प्रकरण इथून सुरू करा. दुसऱ्या प्रश्नापर्यंत नायक तग धरेल, तिसऱ्याला त्याला पुढच्या स्टेशनवर उतरावंच लागेल.