वाचकांचे प्रश्न : ट्रॅकवरचे कॅरिअर वाढवले म्हणजे उत्पादन वाढते का?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात संत्रा बर्फीचे खोके भरण्यासाठी ६ मीटर लांबीचा बंद (वर्तुळासारखा जोडलेला) चुंबकीय ट्रॅक असून त्यावर १२ कॅरिअर, म्हणजे खोके वाहणाऱ्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या छोट्या गाड्या, फिरतात. भरणे, वजन, झाकण आणि लेबल अशी ४ स्टेशने असून प्रत्येकाला प्रोग्रॅममध्ये कामाची १ आणि प्रतीक्षेच्या २ जागा दिल्या आहेत. पुढच्या स्टेशनवर जागा रिकामी दिसल्याशिवाय कॅरिअर सोडायचा नाही, असा नियम आहे. वजनाला १.२ सेकंद आणि कॅरिअर बदलण्यास ०.३ सेकंद लागतात. कुठेही ताटकळावे लागले नाही तर एक फेरी १५ सेकंदांत पूर्ण होते. वजनकाटा स्वच्छ करून पुन्हा सुरू केला की अनेकदा कोणताही अलार्म न येता सगळे कॅरिअर जागीच थांबतात. दिवाळीपूर्वी १६ कॅरिअर करण्याचा व्यवस्थापनाचा विचार आहे. काय करावे? — एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : प्रथम थांबण्याविषयी. काटा बंद असताना मागचे कॅरिअर भरण्याच्या स्टेशनवर साचतात, त्यामागे लेबलपाशी आणि त्याही मागे झाकणापाशी रांग लागते. शेवटी चारही स्टेशनांवर तीन-तीन, म्हणजे नेमके १२ कॅरिअर उभे राहतात. आता काटा सुरू झाला तरी वजन झालेल्या खोक्याला झाकणापाशी जागा हवी, झाकणाला लेबलपाशी, लेबलला भरण्यापाशी आणि भरण्याला वजनापाशी. सिग्नल बंद पडलेल्या नागपूरच्या व्हेरायटी चौकात चारही बाजूंची वाहने मध्यभागी घुसावीत आणि मग प्रत्येकाने समोरच्याची वाट पाहावी, तशी ही स्थिती आहे. कोणतेही यंत्र बिघडलेले नसल्यामुळे अलार्म येत नाही. कॅरिअरची लांबी साधारण १५ सेंटिमीटर धरली तर १२ कॅरिअर मिळून १.८ मीटरच व्यापतात. ट्रॅकवर जागा भरपूर आहे, ती प्रोग्रॅमच्या हिशेबात नाही. ट्रॅकसोबत येणारी धडक टाळण्याची व्यवस्था दोन कॅरिअरमधील अंतर राखते, वाहतूक सुरळीत राखणे तिचे काम नव्हे, हे अनेक जण विसरतात.

म्हणून कॅरिअर सोडतानाच पुढची जागा त्याच्या नावे राखून ठेवावी, आणि कॅरिअरची एकूण संख्या जागांपेक्षा नेहमी कमी असावी. लेबल आणि भरणे यांच्या मध्ये २ प्रतीक्षाजागा वाढवल्या तरी हीच सोय होते.

आता १६ कॅरिअरचा प्रश्न. वजनाच्या स्टेशनवरून दर १.५ सेकंदाला एकच खोका बाहेर पडतो, म्हणजे मिनिटाला ४०. १५ सेकंदांच्या फेरीला १.५ ने भागले की १० येतात. त्यापुढचे कॅरिअर रांगेत उभे राहण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत. आपण ११ कॅरिअरवर लाइन चालवून पाहावी, म्हणजे खर्च न करता थांबणे बंद होईल. उत्पादन खरोखर वाढवायचे असेल तर तो पैसा दुसऱ्या वजनकाट्यावर घालावा आणि जागांची पुन्हा मांडणी करून मगच १६ चा विचार करावा. व्यवस्थापनाला हा भागाकार कागदावर करून दाखवला तर बैठक लवकर संपेल.

प्रश्न : वीज जाऊन आल्यावर आमच्या ट्रॅकवर कोणत्या कॅरिअरवर भरलेला खोका आहे, याची नोंद चुकते आणि रिकाम्या खोक्यांवर झाकणे बसतात. — एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : अशा चुंबकीय ट्रॅकच्या प्रणालीत कॉईल ट्रॅकमध्ये असतात आणि कॅरिअरवर फक्त चुंबक. त्यामुळे वीज आल्यावर कंट्रोलरला कुठे-कुठे कॅरिअर आहेत हे कळते, कोणता कोण हे मात्र अनेक रचनांमध्ये आपोआप कळत नाही, आणि क्रमांक नव्याने पडू शकतात. आपला प्रोग्रॅम नोंद क्रमांकाला जोडून ठेवत असणार, तिथेच चूक होते. साध्या बंद ट्रॅकवर कॅरिअर एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, म्हणून त्यांचा क्रम वीज गेल्यावरही टिकतो. एक ओळखला की बाकीचे ओळखता येतात. काही प्रणालींत त्यासाठी एका कॅरिअरवर वेगळ्या रचनेचे चुंबक बसवतात. नोंदी क्रमानुसार रिटेन मेमरीत (वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) ठेवाव्यात आणि त्या ओळखीच्या कॅरिअरपासून पुन्हा लावून घ्याव्यात. मात्र वीज नसताना कोणी कॅरिअर उचलून दुसरीकडे ठेवला असेल तर क्रमावर विश्वास ठेवता येत नाही. अशा वेळी ऑपरेटरकडून खात्री करून घ्यावी, नाहीतर सर्व खोके ‘अज्ञात’ मानून पुन्हा वजनावरून न्यावेत. पहिल्या फेरीचा वेळ वाया जातो, पण ग्राहकाच्या हाती रिकामा खोका जात नाही.

प्रश्न : ५९०० मिलिमीटरवरचा कॅरिअर १०० वर पाठवला की तो कधीकधी संपूर्ण ट्रॅक उलटा फिरून येतो. — एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : ६००० मिलिमीटरच्या बंद ट्रॅकवर तो पुढे २०० मिलिमीटर जायला हवा. पण १०० मधून ५९०० वजा केल्यास उणे ५८०० येतात, आणि स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या कंट्रोलरच्या प्रोग्रॅमिंग भाषेतील पूर्णांकांची मॉड क्रिया (भागाकाराची बाकी काढणारी) ऋण संख्येची बाकी ऋणच ठेवते, म्हणून कॅरिअर उलटा निघतो. आधी ६००० मिळवावेत आणि मग मॉड घ्यावी; उत्तर २०० येईल. शिवाय हालचालीची आज्ञा देताना दिशा ‘जवळची बाजू’ अशी न ठेवता ‘पुढे’ अशी स्पष्ट लिहावी, कारण इतर वेळी जवळची बाजू मागची असू शकते आणि तिथे दुसरा कॅरिअर उभा असू शकतो. प्रत्यक्ष ट्रॅक हाताशी नसल्यास कॉलेजच्या संगणकावर सिम्युलेशनमध्ये आभासी ॲक्सिस (खऱ्या कॅरिअरऐवजी प्रोग्रॅममधला कल्पित कॅरिअर) घेऊन हीच चाचणी करावी, आणि ५९९९ वरून ० आणि ० वरून ५९९९ या दोन्ही उड्या अवश्य तपासाव्यात.