संदेश बदलला ना? मग निम्मं काम झालं

दादा, आधी वर्डप्रेस (ब्लॉग चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा पुन्हा टाकणं थांबवा. चार वेळा टाकून झालंय म्हणता, पाचव्यांदा टाकलं तरी हेच होणार. फायली ठीक आहेत, अडलंय ते डेटाबेसच्या, म्हणजे ब्लॉगचा मजकूर जिथे साठतो त्या कोठाराच्या, दारात.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. दिंडोरीच्या द्राक्षबागेतले छाटणीचे अनुभव लिहायला ब्लॉग काढताय. लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (आपल्याच संगणकावर सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) सगळं व्यवस्थित चाललं. होस्टिंगवर (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर) मात्र आधी ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ आलं, आणि काल युजर व पासवर्ड बदलल्यावर ‘कॅननॉट सिलेक्ट डेटाबेस’ यायला लागलं. यावर तुम्ही वैतागलात. अहो, ही तर चांगली बातमी आहे!

पहिल्या संदेशाचा अर्थ, सर्व्हरने तुम्हाला आतच घेतलं नाही. म्हणजे होस्ट (डेटाबेस सर्व्हरचा पत्ता), युजर किंवा पासवर्ड यांपैकी काहीतरी चुकलंय, नाहीतर सर्व्हरच बंद आहे. दुसऱ्याचा अर्थ, आत घेतलं, पण तुम्ही मागितलेला डेटाबेस एकतर त्या नावाने नाही किंवा या युजरला तो उघडायचा हक्क नाही. तेव्हा आता पासवर्डला हात लावू नका.

सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानावर, ‘मायएसक्यूएल डेटाबेसेस’ (नव्या आवृत्त्यांत ‘मॅनेज माय डेटाबेसेस’) उघडा. तुम्ही नाव नुसतं ‘ब्लॉग’ दिलं असेल, पण सीपॅनल सहसा त्याच्यापुढे तुमच्या खात्याचं नाव आणि अंडरस्कोर चिकटवतं. खातं ‘बाग’ असेल तर डेटाबेसचं खरं नाव ‘बाग_ब्लॉग’ (तिथे अर्थात इंग्रजी अक्षरांत). वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाईलमध्ये (डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपी, डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड यातच असतात) हे पूर्ण नाव हवं. ते टाईप करू नका, तिथूनच कॉपी करा. मग त्याच पानावर खाली ‘ॲड युजर टू डेटाबेस’ आहे. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात, हा माझा अंदाज, मोजलेलं नाही. डेटाबेस केला, युजर केला, पण दोघांची गाठ घालून दिलीच नाही! तिथे दोघांना निवडा आणि पुढच्या पानावर ‘ऑल प्रिव्हिलेजेस’वर टिक करा. तुमचं काम बहुतेक इथेच होईल.

आणि सीपॅनलमधून पीएचपीमायॲडमिन (डेटाबेस आतून बघायचं साधन) उघडतंय म्हणजे हक्क बरोबर, असं धरून चालू नका. ते सीपॅनलच्या लॉगिनवर उघडतं. तुमच्या ब्लॉगच्या युजरची परीक्षा त्यात होतच नाही.

पहिल्याच संदेशावर अडकलेल्यांसाठी: झॅम्पमधली कॉन्फिग फाईल जशीच्या तशी वर चढवली असेल तर त्यात युजर ‘रूट’ आणि पासवर्ड रिकामा असतो. होस्टिंगवर तो चालत नाही. फाईल वर्डमध्ये उघडून त्यात टाईप केलं असेल तर तिथे सरळऐवजी वळणदार अवतरणचिन्हं पडतात आणि पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) बिघडतं, म्हणून नोटपॅडच वापरा. पासवर्डमध्ये अपॉस्ट्रॉफी असेल तर पासवर्डच सरळ बदलून टाका.

पासवर्डवरून आठवलं. गंगापूर रोडच्या एका मित्राने त्याचा पासवर्ड मला चॅटवर पाठवला. दोन्ही टोकांना चांदणी होती. ॲपने त्या चांदण्या गिळल्या आणि मधली अक्षरं ठळक करून दाखवली. मी बघून टाईप करत बसलो, रात्रीचा दीड वाजला. शेवटी कॉपी करून नोटपॅडात टाकल्यावर चांदण्या दिसल्या आणि डोक्यावर हात मारून घेतला.

होस्टच्या जागी बहुतेक ठिकाणी ‘लोकलहोस्ट’ चालतं. पण लिनक्सवर त्याचा अर्थ सॉकेट फाईलमधून (त्याच मशीनमधल्या थेट वाटेने) जा, आणि १२७.०.०.१ चा अर्थ (आकडे इंग्रजीत टाका) नेटवर्कच्या वाटेने, ३३०६ पोर्टवर जा. एक चालत नसेल तर दुसरं करून बघा. काही कंपन्यांचा डेटाबेस सर्व्हर वेगळाच असतो, त्याचा पत्ता त्यांच्याकडूनच घ्या.

एवढं करूनही अडलं तर कॉन्फिग फाईलमध्ये ‘डब्ल्यूपी_डीबग’ फॉल्सचं ट्रू करा आणि पान रिफ्रेश करा. पहिला संदेश येत असेल तर वर एक आकडा दिसेल. १०४५ म्हणजे युजर-पासवर्ड जुळत नाही. २००२ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही, मग पासवर्ड कितीही बदला. आकडा बघितला की डीबग लगेच परत फॉल्स करा, कारण त्या ओळीत युजरचं नाव आणि फायलींचा पत्ता अख्ख्या जगाला दिसतो.

करून बघा आणि आकडा आला तर इथे टाका, पासवर्ड नको.