यंदा गोठा घरीच: नाताळविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही मूळचे वसईचे. पुण्यात फ्लॅटमध्ये आल्यापासून नाताळ म्हणजे मिस्सा आणि विकतचा केक, एवढंच उरलंय. मुलगी चार वर्षांची आहे. तिच्यासाठी जुन्या गोष्टी पुन्हा सुरू करायच्या आहेत. कुठून सुरुवात करावी?

पहिल्या वर्षी फक्त गोठा, म्हणजे येशूजन्माचा मूर्तींचा देखावा, धरा. ख्रिसमस ट्री एका संध्याकाळी सजून होतं. गोठ्याचं काम मात्र आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारपासून 6 जानेवारीपर्यंत पुरतं आणि त्यातलं बरंचसं चार वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हातांनी करता येतं. संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी चाऱ्याची गव्हाण आणि खरे बैल-गाढव आणून नाताळ साजरा केला, तो येशूजन्म लोकांना डोळ्यांनी दिसावा म्हणून. मुलांना गोठा इतका आवडतो, तो याच कारणाने.

तिचं मुख्य काम गोठ्यासाठी गवत पेरणं. घटस्थापनेला धान्य पेरतात तसंच हे आहे. दोन मुठी गहू रात्रभर भिजवा. पसरट ट्रेमध्ये बोटभर माती किंवा कोकोपीट घ्या, दाण्याला दाणा लागेल असे गहू पसरा, वरून मातीचा पातळ थर द्या आणि दोन दिवस ओल्या फडक्याने झाका. कोंब दिसले की फडकं काढून ट्रे खिडकीत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. पाणी ओतू नका. मुलं हमखास ओततात, मग पाणी तळाशी साचून दाण्यांना बुरशी येते; म्हणून तिच्या हातात तांब्या न देता स्प्रेची बाटली द्या. पुण्याच्या थंडीत चार-पाच इंच गवत यायला दहा-बारा दिवस लागतात, तेव्हा 12-13 डिसेंबरला पेरा. महिन्याच्या सुरुवातीलाच पेरलं तर 24 तारखेपर्यंत ते आडवं होऊन पिवळं पडतं. मूर्ती तीन-चार इंचांच्या असतील तर नाचणी पेरा, तिचं गवत बुटकं आणि मऊ असतं. एक जपा: बियाण्याच्या दुकानातल्या गव्हाला औषध लावलेलं असतं. खायच्या डब्यातलाच गहू घ्या.

बाळ येशू 24 च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचा नाही. तो एका डबीत ठेवा आणि त्या रात्री तिच्याच हाताने गव्हाणीत ठेवू द्या. बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे घराच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या फळीवर वगैरे उभे करा. रोज सकाळी तिने त्यांना थोडं पुढे न्यायचं. ते 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोठ्यात पोचतात. त्यामुळे 26 तारखेला सगळं आवरून टाकायची घाई होत नाही. घरात आणखी लहान बाळ असेल तर छोट्या मूर्ती त्याच्या हाताला लागू देऊ नका.

प्रश्न: मुलांबरोबर कुलकुल (नाताळचे वळून तळलेले गोड शंख) करायला घेतले की काही तेलात उलगडतात, काही आतून कच्चे राहतात. प्रमाण चुकतंय का?

प्रमाण असं: मैदा 500 ग्रॅम, बारीक रवा 50 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, गरम तुपाचं मोहन तीन मोठे चमचे, पाव चमचा मीठ, नारळाचं घट्ट दूध साधारण 200 मिली. दूध एकदम ओतू नका. शेवटचा पाव भाग लागेल तसाच घाला. पीठ पुरीसारखं घट्ट हवं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरू द्या.

मात्र तुमची अडचण बहुधा वळण्यात आहे. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पातळ पसरवायची आणि एका टोकाकडून गुंडाळत आणायची. मुलांचा अंगठा कडा दाबतो आणि मध्ये जाड गाठ राहते, तीच कच्ची राहते. अशी गोळी मोडून पुन्हा वळायला सांगा, मुलांना त्याचा कंटाळा येत नाही. उलगडतात ते शेवटची कड न चिकटल्यामुळे. गोळ्यांवर कोरडा मैदा भुरभुरला असेल तर कड चिकटणारच नाही. पीठ हाताला लागतच असेल तर तुपाचं बोट फिरवा. मोहन जास्त झालं तर मात्र कुलकुल तेलात विरतात.

तेल मध्यम तापवा. पिठाचा कण टाकला की तो सावकाश वर यायला हवा. लगेच उसळी मारून वर आला तर तेल जास्त तापलंय. अशा तेलात साखरेमुळे बाहेरून रंग येतो आणि आत पीठ राहतं. एका वेळी वीस-पंचवीस घाला आणि पाच-सहा मिनिटं हलवत तळा. या वेळी मुलं स्वयंपाकघराबाहेर हवीत, याला अपवाद नाही. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेने मऊ पडतात.

या प्रमाणात दीडशेच्या वर कुलकुल होतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला त्यातल्या वीस-तीस गोळ्याच द्या, पंधरा मिनिटांपलीकडे त्याचं लक्ष टिकत नाही. त्याने वळलेले वेगळे तळा आणि शेजाऱ्यांच्या ताटात तेच ठेवा. ताट पोचवायलाही त्यालाच न्या.

प्रश्न: कामट्यांची चांदणी घरी केली, पण ती वाकडीच होते.

आधी खुणा करा. एका चांदणीला पाच कामट्या, अशा दोन चांदण्या. टोकाच्या खाचेपासून खाचेपर्यंत 24 इंच धरले तर दोन्ही टोकांकडून सव्वानऊ इंचांवर खूण करा. कामट्या याच खुणांवर एकमेकींना छेदल्या पाहिजेत. मग दोन्ही चांदण्यांची पाच टोकं बांधा आणि आतल्या पाच छेदांवर पाच इंचांच्या आडव्या काड्या बसवून पोट फुगवा. पतंगाचा कागद मुलं चिकटवू शकतात. आत 5 वॉटपर्यंतचाच एलईडी दिवा लावा.

प्रश्न: सासूबाई सगळं अंदाजाने करतात. त्यांची दोदोलची (गूळ आणि नारळाचं दूध आटवून करायच्या मिठाईची) कृती लिहून कशी घ्यायची?

त्यांना माप विचारू नका, सांगता येणार नाही. वजनकाट्यावर रिकामं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि त्यांना नेहमीच्या मुठीने तांदळाचं पीठ घालू द्या. प्रत्येक जिन्नसानंतर आकडा लिहा आणि काटा पुन्हा शून्यावर आणा. काळा गूळ आणि नारळाचं दूधही असंच मोजा. दोदोलमध्ये वजनाइतकाच आटवण्याचा वेळ महत्त्वाचा, म्हणून दर दहा मिनिटांनी पातेल्याचा फोटो काढा. गोळा कडा सोडून डावाभोवती फिरू लागतो आणि तूप-तेल सुटतं, त्या क्षणाचा मात्र व्हिडिओच घ्या, आणि त्यांना सांगा की ते बघताना त्या काय पाहतात ते बोलत राहा.