गोडलिंबाची पिवळी पालवी आणि रोशाचे गवत

प्रश्न : आमच्या परसात, कुंपणाच्या भिंतीलगत, ३ वर्षांपूर्वी गोडलिंब (कढीपत्ता) लावला. पालवी पिवळीच राहते आणि थंडीत वाढ थांबते. आठवड्याला तांब्याभर आंबट ताक घालते, तरी फरक नाही. वाळवलेल्या पानांनाही वास राहत नाही. – एक वाचक भगिनी, जळगाव

उत्तर : कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर झाडाला लोह मिळत नाही असे समजावे, जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील, तर मात्र नत्राची उणीव असते आणि तिला कुजलेले शेणखत पुरते. तापीकाठच्या काळ्या जमिनीत लोह नसते असे नव्हे, परंतु तिच्यातील चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही, त्यात भिंतीच्या गिलाव्याचा चुना मिसळला की अडचण वाढते. ताकाचा आंबटपणा ही चुनखडी चटकन गिळून टाकते, म्हणून ते ताक कढीलाच ठेवावे हे बरे. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) विरघळवून, थोडा लिंबाचा रस घालून, सायंकाळी पालवीवर फवारावे; त्यानंतर काही दिवस त्या फांद्यांची पाने तोडू नयेत. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. थंडीत वाढ थांबणे हा रोग नव्हे, त्या काळात पाणी कमी करावे आणि फेब्रुवारी सरता सरता शेंडे धीटपणे छाटावेत. एकेक पान ओरबाडण्यापेक्षा शेंडा कापला, तर त्याखाली दोन-तीन फांद्या फुटतात. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आढळल्यास त्या लिंबावरच्या फुलपाखराच्या असतात, कारण लिंबू आणि गोडलिंब एकाच कुळातले. हाताने वेचणे पुरेसे आहे.

वासाविषयी म्हणाल, तर पानातले सुगंधी तेल उडून जाणारे असल्याने उन्हात वाळवलेल्या पानात रंगही उरत नाही आणि गंधही. पाने धुऊन, कोरडी पुसून, डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत. आपल्याकडे रोजच्या रश्श्यावर कोथिंबिरीचा हक्क, गोडलिंब खरा खुलतो तो फुनक्यांबरोबरच्या (डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांबरोबरच्या) कढीत: तुपात जिरे तडतडले की पाने टाकावीत, ती कुरकुरताच फोडणी कढीवर ओतावी आणि लगेच झाकण ठेवावे.

प्रश्न : सातपुड्याच्या उतारावर वाढणारे रोशा गवत गवती चहासारखे चहात घालता येईल का? – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : घालू नये. दोन्ही गवते सख्खी भावंडे असली, तरी गवती चहाचा वास लिंबासारखा आणि रोशाचा गुलाबासारखा असतो. रोशाचे तेल साबणात व अत्तरात वापरतात. एकोणिसाव्या शतकात खानदेशात भट्ट्या लावून हे तेल काढीत. मुंबईमार्गे ते तुर्कस्तानात पोहोचे आणि तिथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई, इतका त्याचा वास गुलाबाशी जुळतो. चहासाठी गवती चहाचेच एक ठोंब लावावे. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, पण पाणी तुंबणार नाही अशा जागी, ते वर्षभर पुरवठा करते.