डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके आणि कडेला चमक दिसत असेल, तर थांबून बघावं का?

तुम्ही लिहिलंय की वय ५४, नंबर मायनस ६, तीन दिवसांपासून उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतायत आणि अंधारात कडेला काहीतरी चमकतं. दुखत नाही, मग आठवडाभर वाट बघू का?

नका बघू. आजच नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासून घ्या. नुसता नंबर काढून भागणार नाही.

दुखत नाही यावर तर मुळीच जाऊ नका. पडद्याला वेदना कळतच नाही, कळतो तो फक्त उजेड. म्हणून तो ओढला गेला की चमक दिसते.

मी पाच दिवस घालवले होते. रात्री दिवा बंद करून मान वळवली, तर कडेला कंसासारखी वीज चमकून गेली. सकाळी पांढऱ्या भिंतीवर जळमटाचा तुकडा! चष्मा तीनदा पुसला, तरी तो नजरेमागे यायचा आणि नजर थांबली की जरा पुढे घसरून स्थिरावायचा. तपासणीत पडद्याला बारीक फट निघाली. तिच्याभोवती लेझर मारून ती तिथेच रोखली, काही मिनिटांत. त्या फटीतून पाणी मागे शिरलं असतं तर पडदाच सुटला असता, मग मोठं ऑपरेशन.

तुमचंही असंच असेल असं नाही. डोळ्यात जेलीसारखा पदार्थ असतो, जवळजवळ ९८ टक्के पाणीच. वयानुसार तो पातळ होतो, आकसतो आणि पडद्यापासून सुटतो. मायनस नंबर मोठा असला की जरा लवकरच. बहुतेकांचा पडदा शाबूत राहतो. पण तो शाबूत आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

निघेपर्यंत एकेक डोळा झाकून बघत राहा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. कडेने सावली सरकत आली किंवा काजळी उधळल्यासारखे ठिपके वाढले, तर रात्र असली तरी इमर्जन्सीत जा.

थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी स्वतः चालवू नका. सगळं ठीक निघालं तरी चार-सहा आठवड्यांनी परत बोलावतात. ती खेप चुकवू नका, फट नंतरही पडू शकते.

माझं जळमट अजून आहे. कोऱ्या कागदावर दिसतं, एरवी दिवसच्या दिवस आठवतही नाही.