जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा लावला तर रेटिनाच्या फोटोत पेशी दिसतील का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या रेटिनाच्या फोटोत रक्तवाहिन्या स्वच्छ दिसतात, पण पेशी दिसत नाहीत. चांगला कॅमेरा लावला तर दिसतील का?

नाही. अडचण डोळ्यातच आहे. रेटिनावरून परतणारा प्रकाश भिंग आणि कॉर्नियातून बाहेर येताना त्यांच्या बारीकसारीक वाकडेपणामुळे विस्कटतो. चष्म्याने हे दोष जात नाहीत. बाहुली लहान असली तर विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे) चित्र धूसर, औषध घालून मोठी केली तर दोष वाढतात. इकडे आड, तिकडे विहीर. आणि पिवळ्या बिंदूच्या, म्हणजे रेटिनाच्या मध्यभागाच्या, मधोमध शंकुपेशी (रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशी) असतात जेमतेम २-३ मायक्रॉनच्या! ओसीटीत, म्हणजे प्रकाशाने रेटिनाचा उभा छेद दाखवणाऱ्या तपासणीत, थर छान सुटे दिसतात, पण आडव्या दिशेने तिलाही हीच अडचण येते.

उपाय खगोलशास्त्राने दिला. वातावरणाने ताऱ्याचा प्रकाश जेवढा बिघडवला तेवढाच उलट दुरुस्त करायचा, ही कल्पना हॉरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये मांडली. लियांग, विल्यम्स आणि मिलर यांनी १९९७ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात आकार बदलणारा आरसा वापरून ती डोळ्यासाठी साधली.

ऑप्टोमेट्री शिकताना मी असं यंत्र पाहिलंय. डोकं हलू नये म्हणून मैत्रिणीने दातांत ठशाची पट्टी धरली होती. पडद्यावर तिच्या डोळ्यातून आलेले प्रकाशाचे ठिपके, रांगोळीचे असावेत तसे, पण डोळ्याच्या दोषांमुळे जागोजागी सरकलेले. अश्रूंचा थर सुकू लागला की ते थरथरायचे. पापणी लवली की पुन्हा शांत. आरसा चालू केला, ठिपके रांगेत आले आणि करड्या धुक्यातून राजगिरा पसरल्यासारखे दाणे वर आले. एकेक दाणा म्हणजे एक जिवंत शंकुपेशी. अंगावर काटा आला.

१९९९ मध्ये रूरडा आणि विल्यम्स यांनी याच तंत्राने दोन माणसांच्या डोळ्यांत कुठली शंकुपेशी कुठल्या रंगाच्या प्रकाशाला प्रतिसाद देते, हे पाहिलं. एकाकडे 'लाल' पेशी 'हिरव्यां'च्या जवळजवळ चौपट, दुसऱ्याकडे दोन्ही साधारण सारख्या. तरी दोघांचीही रंगदृष्टी तपासणीत अगदी नॉर्मल! मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं.

एका फोटोत एखाद-दोन अंशांचाच तुकडा मावतो, असे कितीतरी जोडावे लागतात. म्हणून हे तंत्र मुख्यतः संशोधनात, आनुवंशिक रेटिनाविकारांत उरलेल्या पेशी मोजायला वापरतात. आईला ही तपासणी सांगितली नाही, म्हणून काही राहून गेलं असं समजू नका.